पुढच्या स्टेशनावर उतरू

कोपनहेगन मला तिथं जायच्या आधीपासून पाठ होतं. बढाई मारत नाही. उमरीच्या शाळेत बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. भिंतीवर युरोपचा कापडी नकाशा होता, आणि मी डोळे मिटून त्यावर छडी ठेवायचो. डेन्मार्क, कोपनहेगन. स्वीडन, स्टॉकहोम. नॉर्वेचा वरचा कोपरा उंदरानं खाल्ला होता, तेवढा भाग मी अंदाजानं शिकवला. पण राजधानी माझी कधी चुकली नाही.

त्यामुळं आमची तनुजा जेव्हा म्हणाली, "पप्पा, व्हायवाच्या दिवशी तुम्ही दोघं एकटे कुठं जाऊ नका. बारा वाजता मेटे येईल, ती तुम्हाला घेऊन येईल," तेव्हा मला जरा लागलंच.

तनुजा कोपनहेगनला पीएच.डी. करते. म्हणजे करत होती. त्या दिवशी दुपारी दोन वाजता तिचा व्हायवा होता. तिकडं तो बंद खोलीत नसतो. मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, कुणीही येऊन बसावं असा. विषय होता उपग्रहाच्या नकाशांवरून जमिनीतलं पाणी शोधणं. नकाशा हा शब्द ऐकला की हे माझ्याकडून आलंय हे कुणीही सांगेल. त्या एका दुपारसाठी मी आणि माझी बायको सिंधु नांदेडहून हैदराबाद, हैदराबादहून दुबई, असं करत डेन्मार्कला आलो होतो. आणि ही मेटे म्हणजे तनुजाची तिथली मैत्रीण, तिच्याच विभागात काम करणारी.

सकाळी आठला तनुजा निघून गेली. मी सिंधूला म्हणालो, "चल, दोन तासांत शहर बघून येऊ. बाराच्या आत घरी."

"तिनं नको म्हणलंय की."

"तिला काय माहीत मी कोण आहे?"

"तिलाच तर माहीत हाय," सिंधु म्हणाली. पण तिनं बूट घातले, स्वेटर चढवला आणि पिशवीत धपाटे टाकले. तिलाही शहर बघायचंच होतं. पासपोर्ट मी तनुजाच्या कपाटातच ठेवले. हरवायला नकोत.

आणि काय शहर होतं. मे महिना, आमच्याकडं नांदेडला त्रेचाळीस डिग्री, आणि इथं मी कानटोपी घालून बंदरावर उभा. लाल, पिवळी, निळी घरं एकमेकांना खेटून पाण्याकाठी उभी, जणू कुणी रंगपेटीच उभी करून ठेवली होती. सायकली इतक्या, की लातूरचे क्लासेस एकदम सुटल्यावर रस्त्यावर जेवढ्या येतात त्याच्या चौपट, आणि एकही हॉर्न नाही. सूट घातलेला माणूस सायकलवर. गरोदर बाई सायकलवर. सिंधु प्रत्येकाकडं वळून बघत होती. "अहो, ती बघा, पुढच्या डब्यात दोन लेकरं बसवून चाललीय." मी तिला डेन्मार्कचं क्षेत्रफळ सांगितलं. ती म्हणाली, "हाव," आणि पुन्हा लेकरं बघू लागली.

बरोबर अकरा वाजता आम्ही मोठ्या स्टेशनवर परत आलो. तनुजाचं घर तिथून पहिल्याच स्टेशनपाशी. सकाळी त्याच गाडीनं आलो होतो. मी फलाट शोधला, गाडी आली, समोर नाव लिहिलं होतं, माल्मो.

आता माल्मो हे स्वीडनमधलं शहर आहे, हे मला माहीत होतं. समुद्रापलीकडं. आमच्या नकाशात मध्ये सरळ निळा रंग होता.

सिंधु म्हणाली, "सकाळच्या गाडीवर हेच नाव व्हतं का?"

"या भागात माल्मो नावाची एखादी पेठ असेल. आपल्या नांदेडात वजिराबाद आहे. पाकिस्तानातही एक वजिराबाद आहे. म्हणून आपल्या वजिराबादेत जायला कुणी पासपोर्ट काढतं का?"

तिला पटलं. मलाही पटलं. मुद्दा अजूनही चांगलाच आहे.

आठ मिनिटांत आमचं स्टेशन आलं. मी आधीच दारात उभा होतो. गाडी थांबली. दार उघडलं नाही. मी वाट पाहिली. डब्यात उतरणारं दुसरं कुणी नव्हतं. तिथं दाराजवळ एक बटण असतं, ते दाबल्याशिवाय दार उघडत नाही, हे मला नंतर कळलं. सकाळी ते आमच्या पुढच्या कुणीतरी दाबलं असणार. मी दारासमोर सावधान उभा राहिलो, दार माझ्यासमोर सावधान उभं राहिलं, आणि गाडी सुटली.

"उतरायचं व्हतं ना?" सिंधूनं विचारलं.

"पुढच्या स्टेशनावर उतरू. परतीची गाडी धरू. पाच मिनिटांचा प्रश्न."

पुढच्या स्टेशनावरही तेच. या वेळी मी दाराला हात लावून हलकं ढकललं. एका मुलीनं हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं, पण ती काही बोलायच्या आत गाडी हलली होती.

तिसरं स्टेशन विमानतळाचं होतं. तिथं दार आपोआप उघडलं, कारण बाहेरून पन्नास माणसं बॅगा घेऊन आत घुसत होती. सिंधु उठली. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

"अगं, विमानतळ आहे हा. इथं उतरलो तर बाहेर पडताना पासपोर्ट मागतील. पासपोर्ट कपाटात आहेत. नाही नाही त्या भानगडीत पडायचं नाही. पुढच्या स्टेशनावर उतरू."

हा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळ्यांनी मला याच गोष्टीबद्दल छेडलं.

गाडी बोगद्यात शिरली. बराच वेळ अंधार. मग एकदम लख्ख उजेड झाला आणि खिडकीबाहेर लोखंडी खांब झपाझप मागं पळू लागले. सिंधूनं काचेला नाक लावलं.

"अहो, पाणी."

"तळं असेल."

"लई मोठं हाय."

"इथं तळी मोठीच असतात."

तिनं पदरानं काच पुसली. मग म्हणाली, "तळ्यात जहाज हाय. आन् पवनचक्क्या हायत, पाण्यातच उभ्या. त्या बाजूला पण पाणीच हाय."

मी दुसऱ्या खिडकीतून बघितलं. त्या बाजूलाही पाणीच होतं. खरं तर पाण्याशिवाय कुठंच काही नव्हतं. आमच्या नकाशावर जिथं निळा रंग होता, तिथं मधल्या काळात या लोकांनी पूल बांधला होता आणि उमरीच्या शाळेला काही कळवलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, घाबरायच्या आधी माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. बत्तीस वर्षं मी ज्या निळ्या पट्टीवर छडी ठेवली, तिच्यावरून मी चाललो होतो. खाली लाटा दिसत होत्या. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "सिंधु, ही सामुद्रधुनी आहे. बाल्टिक समुद्राचं तोंड."

"म्हंजे?"

"म्हणजे आपण स्वीडनला चाललोय."

"तनुजाचा व्हायवा स्वीडनला हाय का?"

"नाही."

मग मी खाली बसलो. घड्याळात साडेअकरा होत आले होते.

स्वीडनमधल्या पहिल्याच स्टेशनावर गाडी थांबली आणि पोलीस आत आले. त्यांतली एक बाई आमच्याकडं आली. इतकी उंच, की आमच्या घराच्या चौकटीत तिला वाकून शिरावं लागलं असतं. तिनं इंग्रजीत नम्रपणे ओळखपत्र मागितलं. मी खिशातून आधार कार्ड काढून दिलं, वर पेन्शनरचं कार्डही दिलं. तिनं आधारवरचा माझा फोटो बघितला, मग मला बघितलं, मग पुन्हा फोटो बघितला. तो फोटो बघून मला माझी आईसुद्धा ओळखणार नाही.

"तुम्ही कुठून आलात?" तिनं विचारलं.

"उमरी," मी सांगितलं. "जिल्हा नांदेड. गोदावरीच्या खोऱ्यात."

"नाही, आज कुठून आलात?"

"कोपनहेगन."

"आणि कुठं जायचंय?"

"कोपनहेगन."

तिनं गाडीच्या मागच्या बाजूला बोट केलं. मग हळू आवाजात, समजावून सांगावं तसं म्हणाली, "सर, कोपनहेगन तुमच्या मागं राहिलं."

बत्तीस वर्षांत भूगोलात मला कुणी दुरुस्त केलं नव्हतं. मी खाली उतरलो.

फलाटावर एक बाकडं होतं, त्यावर आम्हाला बसवलं. मी माझ्या परीनं सगळं समजावून सांगू लागलो. दार, बटण, वजिराबाद. वजिराबादपाशी तिनं वही बंद केली. परदेशात, पासपोर्टाविना, तिसऱ्याच देशात आपण पकडले गेलोय आणि तिकडं पोरगी दोन वाजता उभी राहणार. पाच वर्षं तिनं कष्ट केले, आणि बापाला तिथवर पोचता आलं नाही.

"सिंधु," मी म्हणालो, "माझं चुकलं."

हे वाक्य तिनं तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं असावं. तिनं पिशवी मांडीवर घेतली, धपाट्यांचा डबा बाजूला काढला आणि खालून एक प्लास्टिकचं पाकीट वर काढलं. त्यात आमच्या दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स आणि तनुजानं मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद होता. घरचा पत्ता, तिचा नंबर, मेटेचा नंबर.

"हे कुठून आलं?"

"तनुजानं दिलं. म्हणली, पप्पाला सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

पोलीस बाईनं कागद बघितले आणि ती पहिल्यांदा हसली. पण सरकारी काम तिकडंही सरकारीच असतं. आधारवर मी बिराजदार होतो, पासपोर्टवर माझ्या नावात एक 'ए' जास्त होता. एक 'ए' कुठून आला, हे मला नांदेडातही कुणाला पटवता आलेलं नाही. ती आमची झेरॉक्स घेऊन ऑफिसात गेली, परत आली, पुन्हा गेली. तनुजाचा फोन बंद होता. मेटेनं मात्र पहिल्याच रिंगला उचलला. ती तेव्हा तनुजाच्या घराच्या दारात उभी राहून बेल वाजवत होती.

मधल्या वेळात सिंधूनं पोलीस बाईपुढं धपाटं धरलं. बाई नको म्हणाली. आपल्याकडं पहिल्या नकोला कुणी नको धरत नाही, म्हणून सिंधूनं पुन्हा धरलं. दुसरं नको जरा बारीक आवाजात आलं. तिसऱ्यांदा बाईनं घेतलं, खाल्लं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं आणखी एक मागितलं. मी सिंधूकडं बघत राहिलो. तिला इंग्रजी येत नाही, स्वीडिश येत नाही, आणि या देशात आल्यापासून सगळी कामं तिनंच केली होती.

एक वाजून वीस मिनिटांनी पोलीस बाईनं स्वतः आम्हाला परतीच्या गाडीत बसवलं. दारातलं हिरवं बटण दाखवलं. एकदा दाबून दाखवलं. मग मला दाबायला लावलं.

आमच्या स्टेशनावर मी गाडी थांबायच्या आधीपासून बटण दाबत होतो. पावणेदोन वाजले होते. स्टेशनाबाहेर मेटे उभी होती, हातात सायकल. साधी नव्हे, पुढं लाकडी डबा असलेली, सकाळी सिंधूनं लेकरांसकट बघितली होती तशी.

"मन्मथ," मेटे म्हणाली, "बसा."

मला उभ्या आयुष्यात सगळे सर म्हणत आले. सिंधूनं आजवर माझं नाव उच्चारलेलं नाही. पण ती वेळ मानपान बघायची नव्हती.

"दोघं?" मी विचारलं.

"दोघं. गाडीनं गेलात तर उशीर होईल. मला रोजची सवय आहे."

तो डबा तिच्या दोन लहान मुलांसाठी होता. आत एक रबरी डायनासोर पडला होता. आधी सिंधु बसली, मग मी तिच्यासमोर, गुडघे हनुवटीला टेकवून, डायनासोर मांडीवर. मेटेनं सायकलीची मोटर चालू केली आणि आम्ही निघालो.

वारा असा की कानटोपी उडायला लागली. शेजारून सायकली जात होत्या आणि कुणी वळून बघतही नव्हतं. डब्यात बसलेला निवृत्त शिक्षक त्या शहराला नवीन नसावा. एका सिग्नलला शेजारच्या सायकलीच्या डब्यात एक मोठा कुत्रा बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. सिंधूनं तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं, रडतेय. मी म्हणालो, "पोचू गं वेळेत." तिनं पदर काढला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"लग्नात आपली वरात बैलगाडीतून काढली व्हती," ती म्हणाली, "पर ह्याच्यापुढं ती काहीच न्हाई."

हॉलच्या दारापाशी पोचलो तेव्हा दोन वाजून सात मिनिटं झाली होती. दार बंद होतं. मेटेनं हळूच उघडलं. आत शंभरेक माणसं, एवढी शांतता की माझ्या गुडघ्यांचा आवाज ऐकू आला. समोर पडद्यावर नकाशा होता. गोदावरी मी लगेच ओळखली. खाली मांजरा. मध्ये एका ठिपक्याजवळ उमरी लिहिलं होतं. आणि नकाशाच्या बाजूला आमची तनुजा, निळी साडी नेसून, हातात काठी घेऊन.

रिकाम्या दोन खुर्च्या होत्या, त्या सगळ्यात पुढं. आम्ही चालत निघालो. मी कानटोपीत, सिंधूचे केस वाऱ्यानं विस्कटलेले, पायांत खेळायचे बूट. खास दिवसासाठी आणलेली इरकल घरी पेटीतच राहिली होती. तनुजा बोलता बोलता थांबली. सगळे वळून बघू लागले. तिनं आमच्याकडं बघून एवढा मोठा श्वास सोडला की तो माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेला.

"बसा," ती मराठीत म्हणाली. आणि पुढं बोलू लागली.

मग प्रश्न झाले. तिघं परीक्षक होते, त्यांनी तासभर तिला उलटसुलट विचारलं. एकानं तर तिच्या एका आकड्याला धरून इतका कीस पाडला की मी दोनदा उठायला निघालो. सिंधूनं दोन्ही वेळा माझा सदरा धरला. तनुजा शांतपणे उत्तरं देत होती. शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, एवढं जग पडलं असताना हाच छोटा तुकडा का निवडलास?

तनुजा म्हणाली, "कारण तो मी चालून बघितलाय. माझ्या वडिलांनी मला प्रत्येक गोष्ट कुठं आहे ते शिकवलं. तिथपर्यंत मला आईनं नेलं."

तिला लातूर म्हणायचं असणार. अकरावी-बारावीला तिला लातूरला क्लासला ठेवलं, तेव्हा सिंधु दोन वर्षं तिच्यासोबत एका खोलीत राहिली होती. स्टोव्हवर स्वयंपाक, पाण्यासाठी खाली रांग, आणि सुट्टी लागली की उमरीच्या रानात पायी फिरणं. मी शनिवारी एसटीनं जायचो आणि पोरीला राजधान्या विचारून यायचो.

"काय म्हणली?" सिंधूनं कानाजवळ विचारलं.

पहिलं वाक्य मी नीट सांगितलं. दुसरं जरा हळू सांगितलं.

"ऐकू न्हाई आलं."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी सगळं, नीट. तिनं पदरानं चेहरा पुसला, आणि या वेळी ती हसत नव्हती.

तनुजा पास झाली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, मेटेनं शिट्टी मारली. तनुजा धावत आली, आधी आईला बिलगली, मग मला. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही कुठं होतात?"

मी तोंड उघडायच्या आत सिंधु म्हणाली, "स्वीडनला जाऊन आलो."

त्याच संध्याकाळी वाय-फाय मिळाल्यावर सिंधूनं तिच्या बहिणीला व्हॉइस मेसेज पाठवला. बहिणीनं तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो माझ्या माजी विद्यार्थ्यांकडं गेला. आम्ही महिन्यानं नांदेडला परतलो, तोवर तिथल्या आमच्या भाग्यनगर वस्तीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला होता. त्यावर माझा फोटो, मागं बर्फाचे डोंगर, आणि मोठ्या अक्षरात, 'युरोपातील दोन देशांचा यशस्वी अभ्यासदौरा करून परतलेले आमचे गुरुवर्य.' सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि 'परदेश प्रवासात घ्यावयाची काळजी' या विषयावर मार्गदर्शन.

आता लोक एवढ्या प्रेमानं बोलावतात तर नाही कसं म्हणायचं? मी चाळीस मिनिटं बोललो. सामुद्रधुनीवर बोललो, पुलाच्या लांबीवर बोललो, तिथल्या पोलीस खात्याच्या सौजन्यावरही बोललो. फक्त मी तिथं का गेलो होतो, तेवढं वेळेअभावी राहून गेलं.

शेवटी माझे जुने सहकारी दगडोबा गुरुजी उभे राहिले. "सर, डेन्मार्कबद्दल फार सुंदर सांगितलंत. पण स्वीडनबद्दल ऐकायला मिळालं नाही. देश कसा आहे?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. बायकांच्या रांगेत पुढं बसलेल्या सिंधूला वाटलं, प्रश्न तिलाच विचारलाय.

"चांगला हाय की," ती म्हणाली. "बाकडं लई मजबूत व्हतं."

त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही. शाल मात्र कुणी परत मागितली नाही.